अतिशीत प्रक्रिया आणि पितळी वाद्यांचा नाद : देहू-देहूरोड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

पितळी वाद्ये द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड करून पुन्हा सामान्य तापमानावर आणली असता त्यांचा नाद सुधारतो, असा दावा गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतील वाद्यव्यवसायात केला जात आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची धातुविज्ञान, ध्वनिशास्त्र आणि भारतीय वाद्यवर्गीकरण या तीन अंगांनी चिकित्सा केली आहे. पोलादाबाबत सिद्ध झालेला परिणाम पितळेवर लादणे आणि घनवाद्याला लागू पडणारा तर्क सुषिरवाद्याला लावणे, अशा दोन गफलती या दाव्याच्या मुळाशी आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे. हा प्रश्न ट्रंपेटपेक्षा वारकऱ्यांच्या टाळाच्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण ठरतो आणि त्याची परीक्षा महाविद्यालयीन पातळीवर होऊ शकते, असेही सुचविले आहे.

बीजशब्द : अतिशीत प्रक्रिया, पितळ, कासे, अवशिष्ट ताण, सुषिरवाद्य, घनवाद्य, टाळ.

१. प्रास्ताविक

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड या स्थानकाला त्याचे नाव देहू या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरून मिळाले. आज देहूरोडची ओळख मुख्यतः लष्करी छावणी, दारूगोळा भांडार आणि आयुधनिर्माणी यांमुळे आहे. तेथून काही किलोमीटरांवर इंद्रायणीकाठी देहू वसले आहे. तेथून दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी पंढरीकडे प्रस्थान ठेवते. या लहानशा परिसरात पितळ आणि त्याचा नातलग असलेले कासे हे मिश्रधातू तीन रूपांनी आढळतात. पहिले रूप टाळकऱ्यांच्या हातातील टाळाचे. दुसरे रूप लष्करी छावण्यांतून नागरी जीवनात उतरलेल्या ब्रास बँडच्या वाद्यांचे. तिसरे रूप बंदुकीच्या काडतुसाच्या पितळी कवचाचे. वरवर पाहता या तीन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. तथापि येथे चर्चिलेला दावा तपासून पाहायचा, तर तिन्हींची साक्ष काढावी लागते.

दावा असा आहे की ट्रंपेट, ट्राँबोन यांसारखी वाद्ये उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास थंड केली, काही तास त्या तापमानावर ठेवली आणि सावकाश पूर्वस्थितीत आणली की त्यांचा आवाज अधिक मोकळा, भरदार आणि सहज होतो. हा दावा विज्ञानाच्या भाषेत मांडला जात असल्यामुळे त्याची तपासणीही विज्ञानाच्याच कसोटीवर व्हावयास हवी. अशी तपासणी केवळ पांडित्याचा विषय नाही. आपल्याकडील बँडवादकाची कमाई लग्नसराईच्या मोजक्या महिन्यांवर अवलंबून असते. त्याच्या वाद्यावर करावयाचा कोणताही जादा खर्च त्याच्या पोटाशी निगडित असतो. म्हणूनच आकर्षक शब्दांत आलेल्या दाव्याची शहानिशा करणे हे अध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.

२. दाव्याचे स्वरूप आणि त्याची परिभाषा

या प्रक्रियेच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात, त्यांत तीन शब्दप्रयोग वारंवार आढळतात. पहिला, धातूचे रेणू नीट रांगेत येतात. दुसरा, धातूतील ताण निघून जातो. तिसरा, वाद्य अधिक मुक्तपणे कंप पावते. या तिन्ही विधानांचा वेगवेगळा विचार करणे आवश्यक आहे.

पहिले विधान तर परिभाषेच्या पातळीवरच टिकत नाही. पितळ रेणूंचे बनलेले नसते. तांबे आणि जस्त यांचे अणू एका स्फटिकजालकात बसलेले असतात आणि असे असंख्य सूक्ष्म स्फटिककण मिळून धातूचा पत्रा बनतो. हे अणू आधीच शिस्तबद्ध रचनेत असतात. त्यांच्या रचनेत स्थायी बदल घडायचा तर अणूंनी किंवा रचनेतील दोषांनी जागा बदलायला हवी आणि त्यासाठी ऊर्जा लागते. तापमान उतरवले की ही ऊर्जा कमी होते. थंडीमुळे अणू अधिक मोकळेपणाने हलून योग्य जागी बसतात, ही कल्पना म्हणून मूळ भौतिक नियमांच्या विरुद्ध जाते.

दुसरे व तिसरे विधान अधिक गंभीरपणे घेण्याजोगे आहे. धातूत अवशिष्ट ताण असतो ही वस्तुस्थिती आहे आणि वाद्याची भिंत कंप पावते हीही वस्तुस्थिती आहे. प्रश्न आहे तो अतिशीत प्रक्रियेने या दोहोंत फरक पडतो का आणि पडलाच तर तो कानाला जाणवण्याइतका असतो का, हा.

३. पोलादाचे यश आणि पितळेची प्रकृती

अतिशीत प्रक्रियेला जी प्रतिष्ठा लाभली आहे, ती पोलादामुळे. हत्यारी पोलाद तापवून त्याला पाणी किंवा तेल दिले असता त्यातील ऑस्टेनाइट या अवस्थेचे रूपांतर मार्टेन्साइट या कठीण अवस्थेत होते. परंतु हे रूपांतर सामान्य तापमानाला पूर्ण होत नाही आणि काही ऑस्टेनाइट शिल्लक राहते. पोलाद आणखी खोल थंड केले की या शिल्लक भागाचेही बरेचसे रूपांतर घडून येते. अमेरिकेतील रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये निरनिराळ्या धातूंवर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत हत्यारी पोलादांचा झिजेला होणारा विरोध लक्षणीय वाढलेला आढळला. मात्र साध्या कार्बन पोलादात आणि बिडात तशी सुधारणा दिसली नाही. १९९४ मध्ये जपानमधील संशोधकांनी या प्रक्रियेत कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण तयार होत असल्याचे दाखवून दिले. २००१ मध्ये चेन्नई येथील मोहन लाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्यारी पोलादांवरील प्रयोगांतून झीजविरोधातील वाढीला दुजोरा दिला. कारखान्यांत कापण्याची हत्यारे आणि साचे यांवर ही प्रक्रिया केली जाते, त्यामागे असा सबळ आधार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोहकुळातसुद्धा हा परिणाम सरसकट आढळत नाही. ज्या पोलादात रूपांतरास योग्य अशी अवस्था शिल्लक असते, तेथेच तो दिसतो. वाद्यांसाठी वापरले जाणारे पितळ सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त या प्रमाणात असते. या प्रमाणात जस्त तांब्याच्या जालकात पूर्णपणे सामावले जाते आणि एकच अवस्था निर्माण होते. सामान्य तापमानापासून उणे १९६ अंशांपर्यंत उतरताना या अवस्थेत पोलादासारखे रूपांतर होत नाही. पोलादातील यशाचे जे कारण आहे, तेच पितळेत अनुपस्थित आहे. कारण नसताना कार्याची अपेक्षा धरणे न्यायशास्त्राला धरून होणार नाही.

थंड होताना पितळेत बदल मुळीच होत नाहीत, असे मात्र नाही. सामान्य तापमानापासून द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत पितळ सुमारे ०.३५ टक्क्याने आकुंचन पावते. ट्रंपेटच्या नळीची लांबी सुमारे १.४८ मीटर असते, म्हणजे ती सुमारे ५ मिलिमीटरने आखूड होते. तिची ताठरताही काही टक्क्यांनी वाढते. परंतु वाद्य पुन्हा सामान्य तापमानावर आले की लांबी आणि ताठरता दोन्ही पूर्वपदावर येतात. थंडीत पितळ ठिसूळ होत नाही, म्हणून वाद्याला सहसा इजाही होत नाही. प्रक्रियेची ही निरुपद्रवी बाजू तिच्या लोकप्रियतेला पोषक ठरली असावी. वाद्य बिघडत नाही, तेव्हा ते सुधारलेच असणार, असा समज सहज रुजतो.

४. अवशिष्ट ताण : काडतुसांनी दिलेला धडा

अवशिष्ट ताणाच्या प्रश्नाला भारतभूमीशी निगडित असा एक महत्त्वाचा इतिहास आहे. वाद्यांचे ७०:३० पितळ हेच काडतुसांचेही पितळ आहे. हा मिश्रधातू न फाटता खोल ओढता येतो, म्हणून नळी, भोंगा आणि कवच या तिन्हींसाठी तो सोयीचा पडतो. ब्रिटिश अमदानीत भारतातील लष्कराच्या साठ्यातील काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात असत. घोड्यांच्या पागांत ठेवलेल्या काडतुसांचे उदाहरण धातुविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिले जाते. पावसाळ्याशी संबंध दिसल्याने या प्रकाराला ऋतूवरूनच नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा सविस्तर उलगडा केला. कवच थंड अवस्थेत ओढून घडवताना धातूत ताण शिल्लक राहतो. जनावरांच्या मूत्रापासून निर्माण होणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा त्याच्याशी संयोग झाला की स्फटिककणांच्या सीमांवर तडे पडतात, असे त्यांचे निदान होते.

या निदानातून जो उपाय निघाला, तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. घडवलेले पितळ सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून काही काळ ठेवले की त्याची कठीणता फारशी न घटता ताण मोठ्या प्रमाणावर उतरतो. या सौम्य अनुशीतनामुळे काडतुसांचे फुटणे आटोक्यात आले. खडकीची दारूगोळा निर्माणी १८६९ पासूनची आहे आणि पुणे परिसराला काडतुसांच्या पितळेची ओळख दीडशे वर्षांहून अधिक काळाची आहे. पितळेतील ताण घालवायचा तर त्याला उष्णता द्यावी लागते, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरालाही ही गोष्ट हाताने ठाऊक असते. मठारकाम करताना पत्रा कडक झाला की तो भट्टीत घालून मऊ करून घेतो. तो पत्रा गारठवत नाही.

समान जाडीच्या आणि एकाच धातूच्या वस्तूला सर्व बाजूंनी सावकाश थंड केले, तर तिचे सर्व भाग सारख्या प्रमाणात आखडतात. अशा वेळी आतील ताण सुटण्यास वाव राहत नाही. वेगवेगळे धातू जेथे डाखाने जोडलेले असतात, तेथे आकुंचनातील फरकामुळे काही हालचाल संभवते. परंतु ती ताण कमीच करील असे नाही. काही ठिकाणी ती ताण वाढवूही शकेल. शिवाय ताण कमी होणे म्हणजे वाद्य सुधारणे, हे समीकरणही सर्वमान्य नाही. भोंगा ठोकून किती कडक ठेवायचा आणि किती मऊ करायचा, याविषयी वाद्यकारांत वेगवेगळे संप्रदाय आहेत.

५. सुषिर आणि घन : वर्गीकरणातून मिळणारी कसोटी

भरताच्या नाट्यशास्त्रात अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. तंतुवाद्य ते तत, चामड्याने मढवलेले ते अवनद्ध, पोकळीतील वाऱ्याने वाजणारे ते सुषिर आणि टाळासारखे भरीव वाद्य ते घन. व्हिक्तोर माहियों यांनी ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहाची सूची १८८० पासून प्रसिद्ध करताना अशीच चतुर्विध व्यवस्था स्वीकारली. तिच्या आधारे पुढे १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि साक्स यांचे आजही रूढ असलेले वर्गीकरण सिद्ध झाले. या व्यवस्थेचे मर्म असे की वाद्य कशाचे बनले आहे हे न विचारता, त्यात नेमके काय कंप पावते हे ती विचारते. 'पितळी वाद्ये' ही बँडच्या व्यवहारातील संज्ञा मात्र द्रव्यावरून पडली आहे आणि तीच येथे दिशाभूल करते.

ट्रंपेट पितळेचे असले तरी ते सुषिरवाद्य आहे. त्यात वादकाचे ओठ कंप पावतात आणि नळीतील हवेचा स्तंभ त्यांना साथ देतो. स्वर ठरतो तो ओठांचा ताण, नळीची लांबी, तिच्या आतील पोकळीचा आकार, माउथपीसची खोली आणि भोंग्याचा उतार यांवरून. महाराष्ट्रातील तुतारीही याच वर्गातली. तुतारी तांब्याची असो वा पितळेची, तिचा ललकार वादकाच्या ओठांतून आणि दमातून येतो. नळीतील हवा १० अंशांनी तापली तर स्वर सुमारे ३० सेंटनी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने चढतो. चैत्र-वैशाखातील वरातीत बँडवाल्याला याचा प्रत्यय येतोच. हवेच्या एवढ्या प्रभावापुढे भिंतीच्या धातूचा वाटा किती, हा खरा प्रश्न आहे.

टाळाची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. टाळ आपटला की धातूच कंप पावतो आणि तोच हवेला ध्वनी देतो. येथे धातूची ताठरता, घनता, जाडी आणि कंपने शोषून घेण्याचा त्याचा गुण यांवर नाद थेट अवलंबून असतो. धातूची ताठरता एका टक्क्याने वाढली तर टाळाचा स्वर सुमारे ९ सेंटनी चढेल. सुरेल कानाला असा फरक कळू शकतो. तेव्हा धातूवरील प्रक्रियेने नाद बदलतो या विधानाला घनवाद्याच्या बाबतीत निदान तात्त्विक आधार आहे. सुषिरवाद्याच्या बाबतीत तो अत्यंत क्षीण आहे.

६. प्रयोगांची साक्ष

भिंतीच्या द्रव्याचा प्रश्न पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रात शतकभर चर्चेत आहे. डेटन मिलर यांनी १९०९ मध्ये द्रव्याचा प्रभाव पडतो अशी बाजू मांडली. याउलट जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्या असलेल्या बासऱ्या श्रोत्यांना व वादकांना न दाखवता पारखावयास दिल्या. त्या आवाजावरून ओळखता आल्या नाहीत. रिचर्ड स्मिथ यांनी १९८६ मध्ये मांडलेला ट्राँबोनचा प्रयोग तर प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. त्यांनी ०.३ ते ०.५ मिलिमीटर अशा निरनिराळ्या जाडीचे, पण सारख्या आकाराचे भोंगे तयार केले. वजनावरून फरक कळू नये म्हणून ते तोलून घेतले. भोंगा कोणता हे ठाऊक नसताना निष्णात वादकांनाही तो खात्रीने ओळखता आला नाही.

अतिशीत प्रक्रियेची थेट परीक्षा अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात झाली. जेसी जोन्स आणि ख्रिस रॉजर्स यांनी २००३ मध्ये दहा समान ट्रंपेटवरील अभ्यास मांडला. त्यांपैकी निम्म्या वाद्यांवर प्रक्रिया केलेली होती. प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या वाद्यांतील फरकापेक्षा एका वादकाहून दुसऱ्या वादकाच्या आणि एकाच नमुन्याच्या एका वाद्याहून दुसऱ्या वाद्याच्या आवाजातील फरक मोठा असल्याचे त्यांना दिसले. दहा वाद्यांची संख्या लहान आहे, हे मान्य करावे लागेल. फरक आढळला नाही याचा अर्थ फरक मुळीच नाही असा होत नाही, हेही संख्याशास्त्राच्या अभ्यासकाला सांगणे नको. तरीसुद्धा वाद्यात लक्षणीय सुधारणा होते असा दावा असेल, तर एवढ्या परीक्षेत तिची चाहूल लागायला हवी होती.

भिंतीचा प्रभाव शून्य आहे असेही आज म्हणता येत नाही. थॉमस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ट्रंपेटच्या भोंग्याची कंपने बाहेरून दाबली असता ध्वनीच्या घटकांत मोजता येण्याजोगा फरक पडतो, असे दाखवले. कौझेल, झीटलो आणि मूर यांनी २०१० मध्ये हा विचार पुढे नेला. त्यामुळे भिंत निष्क्रिय आहे एवढ्या एकाच युक्तिवादावर अतिशीत प्रक्रियेचा दावा निकालात काढणे योग्य होणार नाही. परंतु हे संशोधन त्या दाव्याला आधारही देत नाही. वाळूच्या पिशव्या ठेवून कंपने दाबणे आणि वाद्य थंड करून पुन्हा उबेला आणणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. दाव्याला आधार मिळवायचा तर दोन पायऱ्या चढाव्या लागतील. प्रक्रियेने पितळेची ताठरता, कंपशोषण किंवा ताण यांत कायमचा बदल होतो, हे आधी दाखवावे लागेल. त्या बदलामुळे आवाज ऐकू येण्याइतका बदलतो, हे त्यानंतर. वाद्यांच्या पितळेबाबत यातील पहिलीच पायरी रिकामी आहे.

७. वादकाच्या अनुभवाचे स्थान

या सर्व विवेचनानंतरही एक प्रश्न उरतो. अनेक वादक प्रक्रियेनंतर वाद्य सोपे झाल्याचे प्रामाणिकपणे सांगतात, त्यांचे काय करायचे? त्यांना भाबडे ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. वादक आणि वाद्य यांचे नाते एकतर्फी नसते. ओठांना आणि हाताला जे जाणवते त्यानुसार वादक क्षणोक्षणी स्वतःला जुळवून घेतो. वाद्य सुधारले आहे अशी खात्री पटलेला वादक अधिक निःशंकपणे फुंकतो आणि त्यामुळे आवाज खरोखरच चांगला येऊ शकतो. याखेरीज प्रक्रियेसाठी वाद्य सुटे केले जाते, धुतले-पुसले जाते, व्हॉल्व्हला नवे तेल मिळते. एवढ्यानेही वाद्य हलके चालू लागते. अनुभव खरा असतो. त्याचे जे कारण सांगितले जाते, ते मात्र खरे असेलच असे नाही.

समीक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनुभवाला प्रमाण मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या संगीतज्ञाला आंधळी चाचणी अपमानकारक वाटू शकते. वस्तुतः ती वादकाच्या कानाची परीक्षा नसते. कानाला जे कळले ते धातूमुळे की अपेक्षेमुळे, एवढेच ती वेगळे करून दाखवते. वादकाचे पैसे वाचवणारी हीच चाचणी आहे. साफसफाई, तेल आणि डाखाची दुरुस्ती यांनी जे साधते, त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनची किंमत मोजण्याचे कारण नाही. मेरठच्या जाली कोठीत तयार होऊन देशभर जाणाऱ्या वाद्यांवर पोट भरणाऱ्या बँडवाल्याला हा विवेक अधिक उपयोगी पडणारा आहे.

८. टाळ : अभ्यासाची खरी दिशा

हा दावा तपासण्याचे योग्य स्थळ कोणते असेल, तर ते टाळ. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने संगीतरत्नाकर रचला. त्यातील वाद्याध्यायात घनवाद्यांमध्ये कांस्यतालाचे वर्णन येते. वारकऱ्यांचा टाळ पितळेचा किंवा काशाचा असतो. कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. त्यात कथील सुमारे २२ टक्के असेल तर तो अतिशय नादमय होतो, पण सावकाश निवला तर ठिसूळही बनतो. म्हणून कारागीर तो लाल असताना ठोकतात आणि त्याला पाणी देतात. पोलादाला पाणी दिले की ते कडक व ठिसूळ होते. अधिक कथिलाच्या काशाला पाणी दिले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. शारदा श्रीनिवासन यांनी केरळमधील अशा काशाच्या भांड्यांच्या परंपरेचा धातुवैज्ञानिक अभ्यास केला आहे. पाणी दिलेल्या काशात पोलादाप्रमाणेच मार्टेन्साइटी रचना आढळते. तापमानाच्या प्रक्रियेने धातूचा नाद बदलतो, हे तत्त्व कासार जाणत आला आहे. ट्रंपेटच्या जाहिरातींतून ते नव्याने शिकण्याची गरज नाही.

ओतीव पितळी टाळाचा प्रश्न याहून वेगळा आहे. अशा पितळेत जस्ताचे प्रमाण अधिक असल्यास दोन अवस्था एकत्र नांदतात आणि त्या दोहोंचे आकुंचन सारखे असेलच असे नाही. येथे खोल थंडीचा काही परिणाम होतो का, हा प्रश्न निरर्थक म्हणून झटकता येत नाही. तो प्रयोगानेच सुटण्याजोगा आहे.

असा प्रयोग मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहत नाही. एकाच घडणीचे वीस टाळजोड घ्यावेत. प्रत्येक वाटी दोरीने टांगून ठरावीक उंचीवरून सोडलेल्या लंबकाचा आघात तिच्या कडेवर करावा. ध्वनिमुद्रणावरून मूळ स्वर, वरचे स्वर आणि नाद विरण्यास लागणारा वेळ मोजावा. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून दहा जोड प्रक्रियेसाठी निवडावेत. उरलेले दहाही तशाच वेष्टनात, तेवढाच प्रवास करवून परत आणावेत. पुन्हा मोजणी करताना कोणता जोड कोणत्या गटातील आहे हे मोजणाऱ्यास ठाऊक असू नये. खोलीचे तापमान दोन्ही वेळी सारखे असावे. शेवटी अनुभवी टाळकऱ्यांना ते जोड न सांगता वाजवावयास द्यावेत आणि त्यांची पसंती नोंदवावी. जोडीतील दोन वाट्यांच्या स्वरांत किंचित अंतर असले की नादाला जी लहर येते, तिचीही स्वतंत्र नोंद घ्यावी. टाळकऱ्याचा कान त्या लहरीवर असतो आणि केवळ एका वाटीचा स्वर मोजून ती हाती लागणार नाही.

भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, संगीत आणि संतसाहित्य यांच्या अभ्यासकांना एकत्र आणणारा असा प्रकल्प बहुविद्याशाखीय अभ्यासाचे चांगले उदाहरण ठरेल. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या स्वरांचे विश्लेषण प्रसिद्ध करून देशी वाद्यापासून मूलभूत विज्ञानापर्यंत जाता येते, हे दाखवून दिले. मृदंगाला जो मान मिळाला, तो त्याच्याच साथीला उभ्या असलेल्या टाळालाही मिळावयास हवा.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, अतिशीत प्रक्रियेला पोलादात मिळालेले यश विशिष्ट अंतर्गत रूपांतरावर आधारलेले आहे आणि वाद्यांच्या ७०:३० पितळेत ते रूपांतर होत नाही. दुसरा, पितळेतील अवशिष्ट ताण कमी करण्याचा सिद्ध मार्ग उष्णतेचा आहे आणि भारतातील काडतुसांच्या इतिहासाने तो अधोरेखित केला आहे. तिसरा, ट्रंपेट हे सुषिरवाद्य असल्यामुळे त्याच्या नादात धातूचा वाटा गौण आहे. उपलब्ध प्रयोगांतून प्रक्रियेमुळे होणारी सुधारणा दिसून आलेली नाही. चौथा, वादकांचे अनुभव खोटे नाहीत, पण त्यांचे स्पष्टीकरण अपेक्षा, सराव आणि वाद्याची झालेली निगा यांतून मिळू शकते. पाचवा, घनवाद्याच्या बाबतीत हा प्रश्न अद्याप खुला आहे आणि टाळ हे त्याचे स्वाभाविक क्षेत्र आहे.

आयात झालेला दावा जसाच्या तसा स्वीकारणे आणि तो परका म्हणून हसण्यावारी नेणे, या दोन्ही वृत्तींत अभ्यासाचा आळस आहे. कोणते वाद्य कशाने वाजते हा नाट्यशास्त्राने शिकवलेला साधा प्रश्न आधी विचारला असता, तर या दाव्यातील बराचसा गोंधळ टळला असता. ट्रंपेटपुरते उत्तर पुरेसे स्पष्ट आहे आणि बँडवादकाने या प्रक्रियेवर पैसे खर्च करू नयेत, असेच ते सांगते. टाळाचे उत्तर मिळवण्यासाठी लागणारी साधने सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यातली आहेत. ज्या परिसरात टाळ वर्षभर वाजतो, त्या परिसरातील महाविद्यालयांनी ते काम हाती घेणे उचित होईल.